पॉवर द्यायची म्हणजे नेमके काय द्यायचे?

उर्दू माध्यमाच्या नववीच्या मुलांना आम्ही मराठी शिकवतो. भाषेत बाहेरून आलेल्या शब्दांचा धडा चालू होता, म्हणून एक सोपा गृहपाठ दिला. घरात, गल्लीत, शेतात, दुकानात, जिथे कुठे 'पॉवर' हा शब्द कानावर पडेल, तिथले वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवून आणायचे. मराठी असो की आपली दखनी, बदल करायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांनी जे आणले त्याने फळा भरून गेला. "रात को पावर गयी सो सुबेच आयी." "मोटारीला पूर्ण पॉवर मिळंना, पाणी वर चढंना." "अब्बाच्या चष्म्याची पॉवर वाढली." "डॉक्टरसाब, जरा पॉवरची गोळी देव." "फवारणीला यंदा पॉवर पंप घ्यायचा." "उसकी तहसील में पावर है." "दोनाची पाचवी पॉवर बत्तीस." "निवडून आले की पॉवर येतीच." मुले हसत होती, आम्हीही हसत होतो.

मग मागच्या बाकावरच्या एका मुलीची वही आमच्या हाती आली. तिने लिहिले होते, "दादी परवा पॉवरच्या कागदावर अंगठा देणार आहे, मग मामूंच्या घरी लाइट येईल."

आमचे हसणे थांबले. या वाक्यात एकाच 'पॉवर'चे दोन अर्थ एकमेकांत मिसळले होते. कागदावर जी 'पॉवर' देतात ती वेगळी आणि तारेतून येते ती वेगळी. मुलीला विचारले तर ती म्हणाली, "सर, दादीच तसं म्हणाली." आम्ही तिला एवढेच सांगितले, "दादीला म्हणावं, अंगठा देण्याआधी तो कागद घेऊन एकदा सरांकडे या."

दादी आल्या. त्यांच्या परवानगीनेच ही हकीकत लिहीत आहोत. नाव-गाव मात्र सांगणार नाही.

एक शब्द, अनेक मालक

दादींच्या कागदाकडे जाण्याआधी या शब्दाची थोडी ओळख करून घेऊ, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो.

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. त्या मुळाचा अर्थ अगदी साधा आहे, 'करू शकणे'. जो काही करू शकतो, त्याच्याजवळ पॉवर आहे. अर्थ एवढा सैल असल्यामुळे तो कुठेही बसतो. यंत्र करू शकते, राजा करू शकतो, औषध करू शकते, कागदही करू शकतो. इंग्रजीने सगळ्यांना एकच टोपी घातली.

आपल्या दोन्ही भाषांनी तसे केले नव्हते. मराठीत बळ, शक्ती, जोर, ताकद, सत्ता, अधिकार, अखत्यार, वट, वजन असे वेगवेगळे शब्द आहेत. उर्दूत कुव्वत, ताकत, कुदरत, इख्तियार, इक्तिदार, हुकूमत आहेत. पैलवानाला आपण ताकदवान म्हणतो, अधिकारवान म्हणत नाही. तहसीलदाराकडे अधिकार असतो, तो पैलवान असण्याची गरज नाही. कोणता शब्द कुठे वापरायचा हे आपल्या आजी-नानींना शाळेत न जाताही ठाऊक होते. आता सगळ्यांच्या जागी 'पॉवर' आली, आणि पूर्वी शब्दच जो फरक सांगायचा तो आपला आपल्याला विचारून घ्यावा लागतो.

तारेतली पॉवर

सर्वांत ओळखीची पॉवर विजेची. आपल्या भागात तिचे एक घर जवळच आहे. पूर्णा नदीवरचे येलदरी धरण परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात, आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या शिवेला लागून आहे. तिथल्या जलविद्युत केंद्राची क्षमता २२.५ मेगावॅट आहे. पाणी उंचावरून पडते, चक्र फिरते आणि वीज तयार होते. तेच पाणी पुढे औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणात येते आणि कालव्याने शेतात जाते.

शेतकरी मोटार घेताना 'पाच एचपीची द्या' म्हणतो. एचपी म्हणजे अश्वशक्ती. हे माप जेम्स वॉटने रूढ केले. त्याला वाफेचे इंजिन विकायचे होते आणि गिऱ्हाईक विचारायचे, 'हे किती घोड्यांचे काम करील?' म्हणून त्याने घोड्याच्या कामाचा हिशेब मांडला. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. पाच एचपीची मोटार तासभर चालली तर पावणेचार युनिटच्या आसपास वीज खर्च होते. मोटारीची स्वतःची झीज धरली तर थोडी जास्तच.

इथे विज्ञानाने एक बारीक फरक केला आहे. बल म्हणजे ढकलणे किंवा ओढणे. ऊर्जा म्हणजे काम करण्याची साठवण. आणि शक्ती, म्हणजे पॉवर, हा कामाचा वेग आहे. दोन माणसांनी सारखीच पोती गाडीत भरली, एकाने एका तासात आणि दुसऱ्याने दोन तासांत, तर काम दोघांचे सारखे, पण पहिल्याची शक्ती दुप्पट. म्हणून बिलावर जे युनिट येतात ते ऊर्जेचे असतात आणि मोटारीवर जो आकडा असतो तो शक्तीचा. मुलांना हे सांगितले तेव्हा एकजण म्हणाला, "म्हणजे सर, लहान मोटार जास्त वेळ चालवली तरी विहीर तेवढीच उपसंल." अगदी बरोबर.

आपल्याच औंढा तालुक्यात दुधाळा गावाजवळ 'लायगो इंडिया' ही वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि त्यांतून धावणारा लेसरचा किरण असे तिचे रूप असेल. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली. दूरवर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती आणि आपल्या तीन सूर्यांइतके वस्तुमान क्षणार्धात ऊर्जेत बदलले होते. एवढ्या प्रचंड घटनेची लहर आपल्यापर्यंत पोचली तेव्हा ती इतकी मंद झाली होती की चार किलोमीटरच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका फरक पडला. उर्दूत 'कुदरत' म्हणजे सामर्थ्यही आणि निसर्गही. हे ऐकल्यावर एकाच शब्दात दोन्ही अर्थ का आले असतील ते कळते.

चष्मा, गोळी आणि गणित

चष्म्याची पॉवर म्हणजे भिंग प्रकाश किती वळवते त्याचे माप. दोन नंबरचे भिंग किरणांना अर्ध्या मीटरवर एकत्र आणते, चार नंबरचे पाव मीटरवर. डोळ्याची नजर जितकी चांगली तितका नंबर कमी. म्हणजे इथे पॉवर वाढणे ही आनंदाची बातमी नाही. बाजारातून तयार चष्मा उचलताना 'जास्त पॉवरचा द्या' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

औषधाच्या बाबतीत तर हा शब्द जिवावर बेतू शकतो. ताप उतरला नाही की आपण दुकानात जाऊन पॉवरची गोळी मागतो. पाकिटावर ५०० लिहिले म्हणजे ती गोळी ५ लिहिलेल्या गोळीच्या शंभरपट जोरदार, असा समज आहे. तो चूक आहे. तो आकडा औषधाच्या वजनाचा असतो, आणि एका औषधाचे ५ मिलीग्रॅम दुसऱ्याच्या ५०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त परिणाम करू शकतात. जिवाणूंवरची प्रतिजैविके विषाणूंच्या सर्दी-तापावर कामच करत नाहीत, मग त्यांची 'पॉवर' कितीही असो. डॉक्टरांनी न सांगता ती घेतली तर पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा ती निकामी ठरण्याचा धोका वाढतो.

गणितातली पॉवर निराळीच. दोनाला दोनाने पाच वेळा मांडून गुणले की बत्तीस येतात. आमची उर्दूतून शिकणारी मुले याला 'कुव्वत' म्हणतात आणि वर लिहिलेल्या लहान आकड्याला 'कुव्वतनुमा'. मराठी पुस्तकात तोच 'घात' आणि 'घातांक' आहे. जुन्या गणितात घात म्हणजे गुणाकार. पण रोजच्या मराठीत घात म्हणजे दगा. वर्गात एका मुलीने विचारलेही, "सर, पॉवरचं मराठी घात कसं?" त्या वेळी आम्ही हसून गणित समजावले. दादींचा कागद वाचताना मात्र तो प्रश्न आठवत राहिला.

वट, वजन, वशिला

'उसकी तहसील में पावर है' हे वाक्य आणणाऱ्या मुलाला आम्ही विचारले, "तो माणूस तहसीलमध्ये नोकरीला आहे का?" तो म्हणाला, "नाही सर, फक्त त्याची ओळख आहे." म्हणजे त्या माणसाला अधिकार नाही, वट आहे. मराठीत यासाठी 'वशिला' हा नेमका शब्द आहे. तो अरबीच्या 'वसीला'वरून आला. मूळ अर्थ जवळ पोचण्याचे साधन. दीनी भाषेत अल्लाहच्या जवळ जाण्याच्या मार्गाला वसीला म्हणतात. त्याच शब्दाने मराठीत येऊन साहेबाच्या टेबलापर्यंत पोचण्याची वाट धरली.

अधिकार आणि वट यांना एकच नाव दिले की नुकसान गरिबाचे होते. रेशनकार्ड असो, दाखला असो, पेन्शन असो, जे कायद्याने आपल्याला मिळायचे ते कोणाच्या तरी 'पॉवर'मुळे मिळाले असे वाटू लागते. मग माणूस हक्काच्या गोष्टीसाठीही उपकाराच्या ओझ्याखाली राहतो.

कुलमुखत्यार म्हणजे काय?

आता दादींचा कागद. दादी रोज फजरनंतर कुरआनची तिलावत करतात, अडखळत का होईना उर्दूही वाचतात. मराठी मात्र त्यांना वाचता येत नाही. आणि स्टॅम्पपेपर होता मराठीत. त्यांच्यासारख्या कितीतरी माता-भगिनी आपल्या जिल्ह्यात आहेत. त्या निरक्षर नाहीत, पण सरकारी कागदापुढे त्यांना अंगठेबहाद्दर व्हावे लागते.

दादी म्हणाल्या, "मेरे भाई का बेटा लाया. पुराने घर कू नवा मीटर लेना है. घर अब्बा के नाम पे है, तो सबका पावर लगता बोले. देती बोली मैं, बच्चों कू अंधेरे में कायकू रखना?"

कागदाचे शीर्षक होते 'कुलमुखत्यारपत्र'. आम्ही विचारले, "दादी, कुल म्हणजे काय समजलात?" त्या म्हणाल्या, "खानदान का कागद है बोले." चूक त्यांची नव्हती. मराठीत कुल म्हणजे घराणे, आणि शीर्षक ऐकून कोणालाही तसेच वाटेल. पण हा 'कुल' संस्कृत नाही, अरबी आहे. उर्दूत 'कुल कितने हुए?' म्हणताना जो कुल येतो तोच. कुल म्हणजे सगळे, संपूर्ण. कुलमुखत्यार म्हणजे सगळ्या बाबतींत आपल्या जागी उभा राहणारा माणूस.

'मुखत्यार' हा 'मुख्तार'चा मराठी अवतार आणि 'अखत्यार' हा 'इख्तियार'चा. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि दफ्तराची भाषा उर्दू होती. त्यामुळे असे शब्द आपल्याकडे घरोघरी रुजले आहेत. दोन्हींचे अरबी मूळ एकच, आणि त्याच मुळातून 'खैर' म्हणजे भलाई हा शब्द येतो. इख्तियार म्हणजे निवडणे, चांगले ते पसंत करणे. मुख्तार म्हणजे निवडलेला. ज्याला निवडले तो मालक होत नाही. निवडणारी व्यक्तीच मालक राहते.

आम्ही कागद मोठ्याने वाचून दखनीत समजावत गेलो. मिळकत विकणे. गहाण ठेवणे. बक्षीस देणे. मोबदल्याची रक्कम स्वीकारणे. दुय्यम निबंधकांसमोर सही करणे. कोर्टात माझ्या वतीने जबाब देणे. हक्कसोडपत्र करून देणे. दादी ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, "इसमें मीटर किधर है?" मीटर होते. अगदी खालच्या ओळीत, वीज, पाणी आणि घरपट्टीसाठी अर्ज करण्याचा उल्लेख होता. म्हणजे भाच्याने खोटे सांगितले होते असेही नाही. त्याने फक्त शेवटची ओळ सांगितली होती.

दादींच्या वडिलांच्या मागे दोन मुलगे आणि दोन मुली. आई आधीच वारलेली. सूरह निसाच्या ११ व्या आयतीप्रमाणे मुलाला दोन मुलींइतका वाटा, म्हणजे सहा भाग. मुलांना दोन-दोन, मुलींना एक-एक. दादींचा सहावा हिस्सा. अठराशे चौरस फुटांची जागा असेल तर तीनशे फूट त्यांचे. हा हिस्सा भावांनी द्यायचा नसतो. वडिलांच्या इंतकालाबरोबर तो त्यांचा झालेलाच असतो. त्या कागदाने तीनशे फूट एका अंगठ्यासरशी दुसऱ्याच्या हाती गेले असते, आणि दादींना वाटले असते की आपण दिवा लावला.

वकील, मुवक्किल आणि एक बकरी

दुसऱ्याला आपल्या वतीने काम सोपवणे इस्लामला मान्य आहे. फिकहमध्ये त्याला 'वकालत' म्हणतात. आपला 'वकील' तिथूनच आला. सहीह बुखारीत हजरत उर्वा अल-बारिकी (रजि.) यांचा प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना एक दीनार देऊन बकरी आणायला पाठवले. त्यांनी त्या दीनारात दोन बकऱ्या घेतल्या, एक दीनारालाच विकली, आणि बकरीही आणून दिली, दीनारही परत केला. प्रेषितांनी (स.) त्यांच्या व्यवहारात बरकतीची दुआ केली. मुखत्यार कसा असावा याचा याहून सोपा धडा नाही. काम दुसऱ्याचे, अक्कल आपली, आणि नफा ज्याचा पैसा त्याचा.

सूरह कससमध्ये (आयत २६) एक मुलगी वडिलांना सल्ला देते. हजरत मूसा (अ.स.) यांनी तिच्या बकऱ्यांना पाणी पाजलेले असते. ती म्हणते त्याचा आशय असा की यांना कामावर ठेवा, कारण कामाला ठेवायचा तो कवी आणि अमीन असावा. मराठी वाचकांनी हा 'कवी' कविता करणारा समजू नये. अरबीत कवी म्हणजे बलवान, 'कुव्वत'वाला. अल्लाहच्या नावांतही अल-कवी आहे. अमीन म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकावा असा. दोन्ही गुण एकत्र सांगितले आहेत. नुसता बलवान असला तर भीती, नुसता विश्वासू असला तर काम होत नाही.

आणि बलवान कोण? हदीसमध्ये त्याचाही खुलासा आहे. कुस्तीत दुसऱ्याला पाडणारा खरा बलवान नव्हे, रागाच्या वेळी स्वतःला आवरतो तो बलवान. हजरत अबू बकर (रजि.) यांनी खिलाफतीच्या पहिल्या खुतब्यात सांगितले होते त्याचा भावार्थ असा, की तुमच्यातला दुबळा माझ्या दृष्टीने बलवान आहे, जोवर मी त्याचा हक्क त्याला मिळवून देत नाही. सत्ता हाती आल्याच्या दिवशी त्यांनी सत्तेची व्याख्या दुबळ्याच्या हक्काने केली.

आपण रोज 'लाहौल वला कुव्वत' म्हणतो, बहुतेक वेळा वैतागून. त्यातली 'कुव्वत' हीच. अल्लाहखेरीज कोणातच स्वतःची कुव्वत नाही, असे ते वचन सांगते. मग आपल्या हाती जी काही पॉवर येते, घरातली, गावातली, कागदावरची, ती अमानतच. आणि अमानत ज्याची त्याला पोचवण्याची आज्ञा सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत आहे.

अंगठा देण्याआधी

हे सगळे वाचून कोणी कोणालाच मुखत्यार करू नये असा अर्थ काढू नका. मुलगा परदेशात आहे, आई अंथरुणावर आहे, बहीण दूर मुंबईला आहे, तिथे हा कागद उपयोगीच पडतो. फक्त काही गोष्टी पक्क्या माहीत असाव्यात.

कागद आपल्याला येत असलेल्या भाषेत, ज्याचा त्या व्यवहाराशी संबंध नाही अशा माणसाकडून, पूर्ण वाचून घ्या. शीर्षकात 'कुल' आहे की 'खास' ते पाहा. एका कामासाठी खास मुखत्यारपत्र पुरते, त्यात काम आणि मुदत लिहून घ्यावी. विकणे, बक्षीस देणे, गहाण ठेवणे, हक्क सोडणे आणि पैसे स्वीकारणे हे पाच शब्द दिसले की थांबा. कोऱ्या कागदावर कधीच अंगठा देऊ नका. जो कागद दिला त्याची एक प्रत आपल्या पेटीत ठेवा.

दिलेले मुखत्यारपत्र साधारणपणे लेखी नोटीस देऊन रद्द करता येते. मात्र मुखत्याराचे स्वतःचे हितसंबंध त्या मिळकतीत गुंतलेले असतील तर कायदा वेगळा विचार करतो, म्हणून आधीच वकिलाला विचारलेले बरे. देणारी व्यक्ती वारली की साधे मुखत्यारपत्र तिथेच संपते. आणि जागा घेणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे, की सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये स्पष्ट केले आहे की नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर 'विक्री' करून मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

भाऊ, भाचे, मुलगे यांनाही एक विनंती. बहिणीचा, फुफूचा अंगठा घेताना शेवटची ओळ सांगू नका, पहिली सांगा. ती खुशीने देणार असेल तर समजूनही देईल. न समजता दिलेले दान देणाऱ्याचेही होत नाही आणि घेणाऱ्याला पचतही नाही.

वहीतले वाक्य

दादींनी भाच्याला बोलावले. तो आला तेव्हा आम्हीही तिथे होतो. तो ओशाळला. म्हणाला, "फुफू, टाइप करणाऱ्यानं तयार नमुना दिला, सगळे हाच करतात म्हणाला." असेलही. त्याच्या मनातले अल्लाह जाणे. आम्ही त्याच्यावर शंका घेतली नाही, आणि दादींनीही नाही. पण ओळखीच्या वकिलांकडे दोघांना पाठवले. वकिलांनी सांगितले, मीटरसाठी वारसांचे साधे संमतीपत्र पुरेसे आहे. ते तिथेच लिहिले गेले. दादींनी ते आधी वाचून घेतले आणि मग अंगठ्याऐवजी उर्दूत आपले नाव लिहिले. अक्षरे थोडी वाकडी आली, पण त्यांची होती.

हिश्शाचे काय, असे भाच्याने निघताना विचारले. दादी म्हणाल्या, "हिस्सा मेरा है. देना होना तो मैं देऊंगी, मेरे हात से देऊंगी, क्या देरी वो समज के. तू मांग, शरमा मत. लेकिन मीटर का नाम मत ले."

पुढच्या आठवड्यात आम्ही वह्या तपासल्या. त्या मुलीने आपले जुने वाक्य खोडून खाली नवे लिहिले होते, "दादीने मीटरला संमती दिली, पॉवर दिली नाही." आम्ही त्यापुढे बरोबरची खूण केली आणि वही तिला परत दिली.